आडवी दोरी

माझ्या लहानपणी आमच्याकडं स्वतःचं असं मोजण्यासारखं काही नव्हतं. रान नव्हतं, जनावर नव्हतं. तिसगावच्या अलीकडं, चर्चच्या जागेत पत्र्याची एक खोली होती, तीही पाळकसाहेबांच्या परवानगीनं. वडील हंगामात साखर कारखान्याकडं ऊस भरायला जायचे. एका हंगामात ट्रकवर मोळी चढवताना त्यांची पाठ गेली, ती परत आली नाही. मग खोलीतली निम्मी जागा त्यांच्या बाजेनं घेतली आणि उरलेल्या निम्म्यात आई, आम्ही दोघी बहिणी, चूल आणि पाण्याचा हंडा. कांदा काढणीच्या दिवसांत शेतमालक गोल्टी, म्हणजे अगदी बारका कांदा, कामावरच्या बायकांना नेऊ द्यायचे. आम्ही तो भाजून खायचो, कालवणात खायचो, भाकरीवर ठेचून खायचो. शाळेच्या गणवेशाला त्याचा वास लागायचा आणि बाकावरची शेजारीण जरा सरकून बसायची. तिचा राग नाही. वास मलाही यायचा.

दाराजवळच्या खुंटीला मात्र एक दोरी असायची. तेहतीस फुटांची, दोन्ही टोकांना गाठ, गाठीत लाल चिंधी. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, तिनं उड्या मारायच्या नाहीत, तिला ओल लागू द्यायची नाही. ती आईची दोरी. आई, म्हणजे मार्थाबाई, कांदा काढणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम. टोळी काम रोजानं घेत नाही, उक्तं घेते, इतक्या एकराला इतकं असं. त्यामुळं काम सुरू व्हायच्या आधी रान मोजायचं, आणि ते मोजायचं आईच्या दोरीनं. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. आईला अक्षर वाचता येत नाही, पण हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि पाढे ती सगळ्या टोळीपेक्षा जलद म्हणायची.

ती कुठलंही माप दोनदा घ्यायची. एकदा बांधाच्या ह्या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. रेशनच्या दुकानातला तांदूळ घरी आणून आपल्या मापानं परत मोजायची. मी परीक्षेतले गुण सांगितले तर म्हणायची, "बेरीज तू केलीस का मास्तरानं?" मास्तरांनी, असं म्हटलं की म्हणायची, "मग तू कर." आमच्या घरात देवावर विश्वास होता. बाकी सगळं मोजून घ्यायचं.

*

फाल्गुन आला की मला अजून तो वास येतो. आता मी केडगावात भाड्याच्या खोलीत राहते. पुण्याच्या रस्त्यावरून कांद्याचे टेम्पो जातात, गोण्यांच्या जाळीतून सुकी सालं उडतात आणि आमच्या गॅलरीत येऊन पडतात. खालच्या मजल्यावरची दहावीची मुलं मोठ्यानं सूत्रं घोकत असतात. कांदा आणि गणिताचा पेपर, हे दोन माझ्या आयुष्यात एकाच वेळी पिकायला येतात. एका ज्युनिअर कॉलेजात मी तासांवर गणित शिकवते. बी.एस्सी. केलं, नंतर एम.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल नम्र असावं.

नोकरी लागली त्या वर्षी मी एक गोष्ट सुरू केली. दर रविवारी घरी जायचं, प्रार्थना झाली की चर्चच्या ओट्यावर फळा टेकवायचा आणि बसायचं. ज्याला जे गणित अडलं असेल त्यानं यावं. शाळेचं असो, घरचं असो. फी नाही.

ह्या शेवटच्या दोन शब्दांनी सगळा घोटाळा केला. फी घेतली असती तर लोक शांत राहिले असते. फुकट म्हटल्यावर वस्तीवर आणि शेजारच्या गावात चौकशी सुरू झाली. कुणी म्हणालं, ही ग्रामपंचायतीला उभी राहणार. कुणी म्हणालं, आधी पोरं जमवून मग क्लास काढणार. चर्चच्या ओट्यावर बसते म्हणजे आणखी काही असेल, असंही हलक्या आवाजात बोललं गेलं. आणि पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन उलटंच विचारलं, की बाहेरची एवढी मंडळी इथं येणार, तर उद्या आपल्यालाच काही ऐकून घ्यावं लागणार नाही ना? म्हणजे दोन्ही बाजूंनी माझ्याकडं एकाच नजरेनं बघितलं जात होतं. मला ते फारसं लागलं नाही. मी त्याच घरात वाढले होते. फुकट काही मिळालं तर माझ्या आईनंही आधी पिशवीत हात घालून बघितलं असतं.

तरी हळूहळू लोक आले. आधी मुलं, मग आया, मग पुरुष, तेही फळ्याकडं पाठ करून, सहज थांबल्यासारखे. औषधाच्या बाटलीवर एकराचं माप लिहिलंय, पंधरा लिटरच्या पंपाला किती टाकू? टाकी गोल आहे, पाणी किती बसेल? पत्रे किती लागतील? मोबाईलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा का? ह्या एका प्रश्नावर सगळा ओटा जागा झाला होता. मी वर्षाचे दिवस अठ्ठावीसनं भागून फळ्यावर दाखवलं, की असे महिने वर्षात बारा नाही, तेरा भरतात. माणसं समाधानानं घरी गेली. आपल्याला आलेला संशय खरा निघाला की माणसाला बरं झोपायला मिळतं.

मुलांचं वेगळं होतं. मुलं माझ्याकडं उत्तर घेऊनच यायची. मोबाईलनं गणिताचा फोटो काढायचा, पडद्यावर उत्तर उमटतं, वहीत उतरवायचं. त्यातली पल्लवी दहावीला होती, हुशार, तुरुतुरु बोलणारी. तिच्या वहीत एक ओळ प्रश्नाची आणि एक ओळ उत्तराची. मधलं सगळं गायब.

"मधलं कुठाय?" मी विचारायचे.

"ताई, उत्तर बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे म्हणूनच विचारते."

तिला वाटायचं, ही बाई मुद्दाम अडवते. मला वाटायचं, हिला उद्या कुणीही काहीही उत्तर देईल आणि ही वहीत उतरवून घेईल. पल्लवीला सोडायला तिचे आजोबा यायचे. भानुदास तात्या. ओढ्याकाठचं रान त्यांचं. ते ओट्यावर कधी चढले नाहीत. समोरच्या कडुनिंबाखाली मोटारसायकलवर बसून राहायचे आणि नातीला आम्ही गणितच शिकवतो ना, ह्यावर लक्ष ठेवायचे. मी एकदा चहा पाठवला, तो त्यांनी पल्लवीला प्यायला लावला.

*

मला जो हंगाम सांगायचा आहे तो त्याच वर्षीचा. पल्लवीचा गणिताचा पेपर आठवड्यावर आला होता. गावरान कांदा काढायला झाला होता, पाती माना टाकून पडल्या होत्या, आणि आभाळ दुपारनंतर मळभ धरत होतं. त्या दिवसांत शेतकरी आभाळाकडं ज्या नजरेनं बघतो, ती नजर मला माहीत आहे. काढलेल्या कांद्यावर पाऊस पडला तर सगळं नासतं, आणि न काढलेल्यावर पडला तरी तेच.

तात्यांचं ओढ्याकाठचं रान शनिवारी आईनं मोजलं. चारही बाजू नऊ-नऊ दोऱ्या भरल्या. समोरासमोरच्या दोन बाजू मिळवायच्या आणि निम्म्या करायच्या, उरलेल्या दोन तशाच, मग गुणायचं, अशी आमच्याकडची रीत. इथं तर सगळ्याच सारख्या, म्हणजे नऊ नव्वे एक्याऐंशी. एक्याऐंशी गुंठे, दोन एकर आणि वर एक गुंठा. आईनं नेहमीप्रमाणे वरचा गुंठा सोडला आणि दोन एकर सांगितले.

तात्या म्हणाले, रान पावणेदोन एकर हाय.

त्यांच्याकडं पुरावा होता. महिन्यामागं ड्रोननं फवारणी करणारा एक जण येऊन गेला होता. त्याच्या मोबाईलवर रानाचा नकाशा आला, कडेनं पिवळी रेघ आली आणि खाली आकडा आला, पावणेदोन एकर. त्यानं पैसेही तेवढ्याच एकराचे घेतले होते. जो माणूस एकरावर कमावतो तो एकर कमी करून का सांगेल, असं तात्यांचं म्हणणं. आणि म्हणणं चुकीचं नव्हतं.

मग ते आईच्या दोरीकडं बघत राहिले. आई सांगते, ते काही बोलायच्या आधीच तिला कळलं होतं.

"मार्थाबाई, दोरी कवा कापली?"

टोळीतल्या शेवंता मावशींनी ते ऐकलं, आणखी चार जणींनी ऐकलं. तात्या म्हणाले, आज काम सुरू करायचं न्हाई. दुसऱ्या गावची टोळी सांगतो. आणि इतकी वर्षं ज्यांची ज्यांची रानं ह्या दोरीनं मोजली त्यांना पण सांगतो, की आपापलं बघा.

संध्याकाळच्या गाडीनं मी घरी पोचले तेव्हा आई वडिलांची बाज विणायला काढून बसली होती. दर उन्हाळ्यात ती जुनी सुतळी काढून बाज नव्यानं विणते. वडील भिंतीला टेकून चटईवर बसलेले. दोरी खुंटीला नव्हती. आईनं ती ट्रंकेत ठेवली होती, आणि मला ते बघून भीती वाटली. माणूस मेल्यावर त्याचे कपडे जसे आत ठेवतात तशी ती घडी घालून ठेवली होती.

मी म्हणाले, आई, आपण टेपनं मोजू.

"कशाला? तुलाबी वाटतंय का?"

मला वाटत नव्हतं. पण मोजायचं तर होतं. दोनदा मोजायचं हे तिनंच शिकवलं होतं. एका गवंड्याकडून लोखंडी टेप आणला. दोरी भरली तेहतीस फूट आणि वर बोटभर. वापरून वापरून ताणली गेली होती. म्हणजे दोरीत खोट होतीच तर ती आईच्या विरुद्ध होती, इतकी वर्षं रान थोडं कमीच भरत आलं होतं.

मला हायसं वाटलं, आणि लगेच ते वाटणं गेलं. दोरी खरी. नऊ नव्वे एक्याऐंशी, पाढाही खरा. मग मोबाईल खोटा? माझा मोबाईलवर विश्वास नाही, पण माझ्या नसलेल्या विश्वासाला पुरावा म्हणत नाहीत. दोन खऱ्या गोष्टींतून दोन वेगळे एकर निघत होते. कुठंतरी मधलं गायब होतं.

*

ते सापडलं, ते मी शोधलं म्हणून नाही.

रविवारी सकाळी, प्रार्थनेच्या आधी, आई बाजेला सुतळी चढवायला बसली. सुतळी नसलेली बाज खिळखिळी असते. चार लाकडं चार पायांत अडकवलेली, धक्का दिला की सगळी चौकट तिरकी होते. विणायच्या आधी ती सरळ करावी लागते, नाहीतर बाज कायमची वाकडी होते आणि माणूस एका बाजूला घसरतो. आईनं सुतळीचं टोक एका कोपऱ्याला धरलं, समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत नेलं, चिमटीत माप धरलं. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना तेच माप लावून बघितलं. कमी पडलं. पायानं लाकूड जरा ढकललं, परत बघितलं. दोन्ही आडवी मापं सारखी आली तेव्हा सुतळी बांधायला घेतली.

हे मी शंभर वेळा बघितलं असेल. त्या दिवशी मी हातातला कप खाली ठेवला.

"आई, रानाला असं कधी लावलंस का?"

"काय?"

"आडवी दोरी. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापर्यंत."

ती माझ्याकडं बघत राहिली. "रानाला कशाला? रान काय विनायचंय व्हय?"

ओढा तिरका वाहतो. त्याच्याकाठचं रान त्याच्याबरोबर तिरकं गेलेलं. चारही बाजू नऊ-नऊ, पण ती चौकट सरळ केलेली बाज नव्हती, ढकललेली बाज होती. आमच्याकडं रान मोजताना सगळे बांधावरून चालतात. उभ्या पिकातून आडवं कुणी जात नाही, जाऊ देत नाहीत. म्हणून चार बाजू सगळ्यांना माहीत असतात आणि मधली कुणालाच नाही.

हे कळल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण पुढचंही लगेच कळलं. आईची दोरी खरी आहे हे मी सांगू शकत होते, पण त्याच तोंडानं तात्यांचा एकरही खरा आहे हे सांगावं लागणार होतं. आणि हे एका रानाचं नव्हतं. जे जे रान तिरकं, ते ते आमच्या रीतीनं जास्तच भरणार, कमी कधीच नाही. रानाचे कोपरे काटकोनात असले तरच ही रीत खरी. टोळी इतकी वर्षं एकरभर म्हणून जे काढत होती ते पुष्कळ वेळा एकराला कमी होतं. आईच्या टोळीच्या अकरा बायकांचं पोट ज्या चुकीवर थोडंसं भरत होतं, ती चूक मी फळ्यावर मांडणार होते. तीही मालकाच्या बाजूनं.

मी वडिलांना विचारलं, बाज ओट्यावर नेऊन लोकांना दाखवू का? ते पाठ धरून हसले. म्हणाले, माझी बाज न्या. मला काय, चटई बरी हाय.

*

प्रार्थनेनंतर ओट्यापुढं नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. टोळीच्या बायका एका बाजूला, तोंडाला पदर लावून. तात्या कडुनिंबाखाली, मोटारसायकलवर. मी सांगितलं, दोरी टेपनं मोजली आहे, ज्याला परत मोजायची त्यानं मोजावी. तात्या उतरले. त्यांनी स्वतःचा टेप आणला होता. आईनं दोरीचं एक टोक धरलं, दुसरं त्यांनी. मोजली, मग टेप उलटा धरून परत मोजली. मला एक क्षण वाटलं, हे दोघं एकाच घरात वाढले असावेत.

"बरोबर हाय," ते टेप गुंडाळत म्हणाले. "मग मोबाईल खोटं बोलतो का?"

मी पल्लवीला आणि तिच्या वर्गातल्या मुलींना बाज पालथी टाकायला सांगितली, पाय वर. चौकट सरळ केली, आडवी मापं सारखी करून. मग आत गोल्टी ओतली, एकाला एक लागून, एक थर, लाकडापासून लाकडापर्यंत. जागा उरली नाही. मग मी म्हणाले, आता लाकूड न कापता, न वाढवता ही चौकट लहान करून दाखवते. शेवंता मावशी म्हणाल्या, ही जादू शिकून आली व्हय कालीजातून.

मी एका कोपऱ्याला पाय लावला आणि ढकललं. चौकट तिरकी झाली. कांदे आधी दाटले, मग एकमेकांवर चढले, मग लाकडावरून बाहेर पडून ओट्यावर घरंगळत गेले. पोरं गोळा करायला धावली. लाकडं तीच होती. चार बाजू त्याच होत्या.

सगळ्यांच्या नजरा त्या कांद्यांवर होत्या. फक्त आई कांद्यांकडं बघत नव्हती. माझ्याकडं बघत होती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

मग सगळे रानात गेलो. तात्यांनी पहिल्यांदाच पिकातून आडवं चालू दिलं. ज्या दोन कोपऱ्यांतलं अंतर कमी दिसत होतं त्यांच्यामध्ये आईनं दोरी टाकली. नऊच भरली. म्हणजे रानाचे दोन त्रिकोण, प्रत्येकाच्या तिन्ही बाजू नऊ. पुढचं मी केलं नाही. मी पल्लवीला खडू दिला आणि म्हणाले, तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ, आठवीत झालंय. तिचा हात सवयीनं मोबाईलकडं गेला. आजोबा बघत होते, सगळी टोळी बघत होती. तिनं मोबाईल परत ठेवला आणि मोटरच्या खोलीच्या भिंतीवर लिहायला लागली. बाजूंची बेरीज, निम्मी, वजाबाक्या, गुणाकार, मग वर्गमूळ. वर्गमूळाला अडली, खोडलं, परत केलं. पस्तीसच्या किंचित वर. असे दोन. सत्तर गुंठे.

"म्हंजे पावणेदोन," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचं होतं.

"व्हय आबा," पल्लवी म्हणाली. "पन आज्जीची दोरीबी खरी." मार्थाबाईंना ती आज्जी म्हणाली, ते मी ऐकलं. आईनंही ऐकलं असावं.

तात्या मान हलवत निघाले, आणि चार पावलांवर थांबले. रानाच्या वरच्या अंगाला त्यांच्या थोरल्या भावाचं रान. विहिरीलगतचं, चौकोनी, पाटी ठेवल्यासारखं. भाऊ वारले, आता पुतणे करतात. सातबारा सामायिक, वाटणी तोंडी झालेली. तात्यांच्या वडिलांनी चार माणसं बसवून बाजू मोजल्या होत्या, नऊ-नऊ दोऱ्या ह्याच्या, नऊ-नऊ त्याच्या, दोघांना सारखं. हे मला शेवंता मावशींनी तिथंच कानात सांगितलं. मला दिसलं की तात्या त्या चौकोनी रानाकडं बघतायत, मग भिंतीवरच्या सत्तराकडं बघतायत, मग परत तिकडं.

ते नातीला हळूच म्हणाले, "त्याला आडवी दोरी लावली तर?"

पल्लवीनं डोळ्यांनीच रान मोजलं. "तितं एक्याऐंशीच ऱ्हातील, आबा."

शेवंता मावशींना हसू आवरलं नाही. त्यांनी पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलत होते. तात्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही. बराच वेळ ते बांधावर उभे होते. आपल्या मेलेल्या बापावर संशय घ्यावा की त्या चार माणसांवर, की थोरल्या भावावर, हे त्यांना ठरवता येत नसावं. मला सांगता आलं असतं, की कुणावरच नाही, सगळ्यांनी बांधावरूनच मोजलं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. खरं उत्तर मिळालं की मन शांत होतं, असं मी वर्गात सांगते. त्या दिवशी मला तसं काही दिसलं नाही. एक संशय मिटला आणि त्याच्या जागी दुसरा, जुना, जास्त खोल असा उगवला.

मग ते वळले, आणि सगळ्या बायका ऐकतील असं म्हणाले, "मार्थाबाई, दोरी खरी हाय तुझी. मी उगं बोललो."

आईनं दोरी गुंडाळायला घेतली. "काम सुरू करायचं का?"

"करा की."

"एकर आता मोठा झाला, तात्या. भाव जुन्या, बारक्या एकराचा हाय."

हे आई बोलली. मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं. शेवंता मावशी लगेच पुढं झाल्या, की जुन्या भावात मालकांनी आमच्या ढिल्या मापाचा अंदाज धरलेलाच असायचा, हे काय आमाला कळत न्हाई? माप खरं करा, मग भावबी खरा करा. दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. आभाळाकडं दोन्ही बाजू बघत होत्या. दुपार व्हायच्या आत ठरलं आणि पाती कापायला सुरुवात झाली.

घरी येताना आई माझ्याशी बोलली नाही. पाण्याचा हंडा उतरवताना एवढंच म्हणाली, "मला चोर न्हाई म्हनलीस. पन एकर खाल्लास माजा." मी म्हणाले, तो नव्हताच आई. ती म्हणाली, "ते कळलं गं. म्हनूनच बोलले." संध्याकाळी तिनं बाज विणून पूर्ण केली, वडील परत त्यांच्या जागेवर गेले, आणि दोरी ट्रंकेतून निघून खुंटीला आली. बोटभर लांबी कमी करून, गाठ नव्यानं मारून.

*

यंदाही गॅलरीत कांद्याची सालं येऊन पडली आहेत. उद्या रविवार. ओटा चालू आहे. लोक अजून विचारतात, हिला ह्यात काय मिळतं, आणि मी अजून धड उत्तर देत नाही. पाळकसाहेब खुर्ची टाकून कडेला बसतात. म्हणतात मुलांवर लक्ष ठेवायला, पण परवा त्यांनी स्वतःच्या घराच्या पत्र्यांचा आकडा माझ्याकडून तपासून घेतला. तात्या ओट्यावर येतात, चहा घेतात, मात्र आधी दुसऱ्या कुणीतरी घोट घेतल्यावर. पुतण्यांना त्यांनी वाटणीचं काही विचारलं की नाही, मला माहीत नाही. बांध जिथं होता तिथंच आहे. मी ओट्यावरच्या मुलांचं बरोबर आलेलं उत्तर अजून परत तपासते, आणि ती वैतागतात.

पल्लवी त्या पेपरात पास झाली, चांगल्या गुणांनी. मधलं सगळं लिहून आली होती. आता ती नगरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तात्यांच्या घराण्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी.

आई अजून टोळी चालवते. रान कसंही असो, आधी चार बाजू, मग मधून आडवी दोरी, मग त्रिकोणाचा आकडा टोळीतल्या शिकत्या मुलींकडून, दोघींकडून वेगवेगळा करून घेते. दोन्ही जुळले तरच काम सुरू. त्या हंगामानंतर तिच्या दोरीबद्दल कुणी शब्द काढला नाही. आमच्या टोळीचा एकर आता चाळीस गुंठ्यांचा आहे.